संपो म्हणजे काय? ‘एमएसटी३के’ आणि सोव्हिएत परीकथापट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ (एमएसटी३के) हा अमेरिकन टीव्ही कार्यक्रम पाहणाऱ्या मराठी मंडळींशी गप्पा सुरू झाल्या की थोड्या वेळात विषय चार चित्रपटांवर येतो: ‘संपो’, ‘सादको’, ‘इल्या मुरोमेत्स’ आणि ‘मोरोझ्को’. काहींनी फक्त थट्टेचा भाग पाहिलेला असतो. काहींना लहानपणच्या रशियन पुस्तकांतली बाबा यागा ही चेटकीण आठवते, पण कार्यक्रम माहीत नसतो. दोघांकडून येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. हे चारही चित्रपट मला मनापासून आवडतात आणि कार्यक्रमही तितकाच आवडतो.

हा कार्यक्रम नेमका आहे तरी काय?

जोएल हॉजसन या विनोदी कलाकाराने १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये मिनियापोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर तो सुरू केला. पुढे तो कॉमेडी सेंट्रलवर गेला आणि १९९७ ते १९९९ साय-फाय वाहिनीवर चालला. कल्पना अगदी साधी आहे. एका माणसाला अंतराळयानात अडकवून वेडे शास्त्रज्ञ त्याला रद्दी चित्रपट दाखवत राहतात. सोबतीला क्रो आणि टॉम सर्व्हो हे दोन यंत्रमानव असतात. पडद्याच्या खालच्या बाजूला खुर्च्यांची रांग आणि या तिघांच्या काळ्या सावल्या दिसतात. चित्रपट चालू असतो आणि हे तिघे शेरे मारत असतात. आधी जोएल, १९९३ पासून माइक नेल्सन. मधूनमधून चित्रपट थांबतो आणि यानात छोटे प्रवेश होतात.

तंबूतल्या टॉकीजमध्ये पुढच्या रांगेत बसणारी वात्रट पोरं ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना जास्त समजावून सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की इथला प्रत्येक शेरा लिहिलेला असतो. लेखक मंडळी एका खोलीत बसून तोच चित्रपट थांबवत, मागे-पुढे करत कितीदा तरी पाहायची. त्यामुळे त्यांच्याइतक्या बारकाईने हे चित्रपट अमेरिकेत तेव्हा क्वचितच कुणी पाहिले असतील.

यातले सोव्हिएत परीकथापटांचे भाग कोणते?

चार. चौथ्या हंगामातला ‘द डे द अर्थ फ्रोझ’ म्हणजे ‘संपो’ (१९५९). पाचव्यातला ‘द मॅजिक व्हॉयेज ऑफ सिंदबाद’ म्हणजे ‘सादको’. सहाव्यातला ‘द सोर्ड अँड द ड्रॅगन’ म्हणजे ‘इल्या मुरोमेत्स’ (१९५६). आणि आठव्यातला ‘जॅक फ्रॉस्ट’, म्हणजे ‘मोरोझ्को’ (१९६४). पहिल्या तिन्हींचा दिग्दर्शक अलेक्सांद्र प्तुश्को, चौथ्याचा अलेक्सांद्र रोऊ. पहिले दोन भाग जोएलचे आहेत, पुढचे दोन माइकचे.

या कार्यक्रमात रद्दी चित्रपट दाखवतात ना? मग हे चौघे रद्दी आहेत का?

नाहीत, आणि हे कार्यक्रमवाल्यांनाही ठाऊक होतं. सर्व्होचा आवाज देणारा आणि लेखनातही असणारा केव्हिन मर्फी मुलाखतींतून या चित्रपटांच्या देखणेपणाबद्दल भरभरून बोलला आहे. ‘सादको’ला १९५३ च्या व्हेनिस महोत्सवात रौप्य सिंह मिळाला होता. ‘इल्या मुरोमेत्स’ हा सोव्हिएत सिनेमातला पहिला रुंद पडद्याचा कथापट. संगणक नसलेल्या काळात प्तुश्कोने त्यात तीन तोंडांचा, आग ओकणारा, उडणारा गोरीनिच नाग उभा केला. प्तुश्को मुळात बाहुल्यांच्या चित्रपटांतून आलेला माणूस. लाकूड, कापड, काच आणि रंग यांच्याकडून काय काम करून घेता येतं हे त्याच्या हाताला माहीत होतं. इल्या तेहेतीस वर्षं पायांनी अधू होऊन घरात बसलेला असतो. वाटसरू येतात, त्याला औषध पाजतात आणि तो उठून उभा राहतो. त्या प्रसंगात इल्या झालेल्या बोरिस आंद्रेयेवचा चेहरा पाहा. विनोदवीरही तिथे क्षणभर गप्प बसले असावेत असं मला वाटतं.

मग हसण्यासारखं झालं काय?

अमेरिकन वितरकांनी या चित्रपटांचं जे करून ठेवलं, ते. साठच्या दशकात सोव्हिएत चित्रपट स्वस्तात मिळत. पण शीतयुद्ध चालू होतं आणि रशियन चित्रपट म्हणून जाहिरात करण्याची कुणाची हिंमत नव्हती. म्हणून नावं बदलली गेली. ‘सादको’ रॉजर कॉर्मन या अमेरिकन निर्मात्याच्या कंपनीने घेतला आणि १९६२ साली सिंदबाद म्हणून आणला. रशियातल्या नोव्हगोरोदचा, तंतुवाद्य वाजवणारा व्यापारी एकाएकी अरबी कथांतला खलाशी झाला. श्रेयनामावलीत नायक सेर्गेई स्तोल्यारोवचा ‘एडवर्ड स्टोलार’ झाला आणि खुद्द प्तुश्कोचा ‘आल्फ्रेड पोस्को’. या इंग्रजी आवृत्तीच्या संहितेवर तेव्हा अगदी तरुण असलेल्या आणि पुढे नामवंत दिग्दर्शक झालेल्या फ्रान्सिस फोर्ड कोपोलाने काम केलं होतं.

‘संपो’ची अवस्था सगळ्यांत वाईट झाली. मूळ चित्रपट सुमारे दीड तासाचा. १९६४ साली अमेरिकेत आला तो ६७ मिनिटांचा. कथानकातले दुवे गेले, गाणी गेली. जे उरलं त्यावर निवेदकाचा आवाज चढवला. ओठ वेगळे हलतात, शब्द वेगळे येतात. माणसं कुठून आली आणि कुठे निघाली याचा पत्ता लागत नाही. कार्यक्रमातले निम्मे शेरे याच गोंधळावर आहेत. म्हणजे टर उडते ती बऱ्याचदा कात्रीची आणि डबिंगची, कथेची नव्हे. हा फरक लक्षात ठेवून भाग पाहिला तर त्याची रंगत वाढते.

बरं, पण संपो म्हणजे काय?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि कार्यक्रमातही तो पुन्हा पुन्हा येतो. चित्रपटात सगळे संपोसाठी जिवावर उदार झालेले असतात. चेटकीण त्याच्यापायी मुलीला पळवते, लोहार त्याच्यासाठी भट्टी पेटवतो, वीर तो परत आणायला निघतो. आणि ६७ मिनिटांच्या आवृत्तीत तो काय आहे हे नीट कुणी सांगतच नाही. मग यानातले तिघे आपापसांत चर्चा करतात. चाहत्यांत ‘संपो’ हा शब्दच खुणेचा झाला आहे.

माझं मराठी उत्तर एका शब्दाचं आहे: जातं.

एलियास लोन्रोत या फिनिश संग्राहकाने फिनलंड आणि त्याला लागून असलेल्या कारेलियातल्या गायकांकडून गाणी गोळा करून ‘कालेवाला’ हे महाकाव्य रचलं. पहिली आवृत्ती १८३५ ची, वाढवलेली १८४९ ची. त्यात पन्नास गाणी आहेत, बावीस हजारांहून जास्त ओळी. त्यातल्या दहाव्या गाण्यात इल्मारिनेन लोहार संपो घडवतो. पोह्योलाची, म्हणजे उत्तरेकडच्या त्या काळोख्या मुलखाची मालकीण लोउही त्याला साहित्य सांगते: हंसाच्या पिसाचं टोक, वांझ गाईचं दूध, जवाचा एक दाणा, एका मेंढीची लोकर. एवढ्यातून कर म्हणते.

इल्मारिनेन भट्टी लावतो. पहिल्यांदा आगीतून धनुष्य निघतं. दिसायला सुंदर, सोनेरी, पण रोज एक डोकं मागणारं. तो ते मोडून परत आगीत टाकतो. मग नाव निघते, तीही विनाकारण लढाईला धावणारी. मग गाय, सोन्याच्या शिंगांची, पण दूध जमिनीवर सांडणारी. मग नांगर, दुसऱ्याचं शेत उकरणारा. एकेक वस्तू देखणी आणि प्रत्येकीची खोड वाईट. तो सगळ्या मोडतो. आणि शेवटी निघतो तो संपो: एका बाजूने पीठ दळणारा, दुसरीने मीठ, तिसरीने पैसा. वर रंगीबेरंगी झाकण. पहिल्याच दिवशी तो एक माप खाण्यापुरतं दळतो, एक विकण्यापुरतं आणि एक साठवणीचं.

जात्याशी बसलेल्या बाईला हे स्वप्न का पडावं, हे आपल्याकडे सांगायची गरज नाही. पहाटे उठून दळायचं, हात भरून यायचे, आणि त्यावर ओव्या म्हणायच्या. जातं आपोआप फिरलं तर? पीठ संपलंच नाही तर? गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. लोन्रोत पायी हिंडत होता तेही याच कामासाठी. दोन्हीकडे गाणी कष्टकऱ्यांच्या तोंडी होती आणि कुणीतरी ऐकायला जाऊन बसलं.

आता गंमत पाहा. मूळ गाण्यांत तरी संपो स्पष्ट आहे का? जातं म्हणून वर्णन येतं, पण अभ्यासकांचं त्यावर कधीच एकमत झालं नाही. कुणी त्याला जगाचा खांब म्हटलं, कुणी ताऱ्यांनी मढलेलं आभाळाचं झाकण. शेवटी तो समुद्रात पडून फुटतो. तुकडे किनाऱ्याला लागतात आणि तेवढ्यावरच त्या भूमीची भरभराट होते. अख्खा संपो कुणाच्याच हाती लागत नाही. यानात बसलेले ते तिघे ‘संपो म्हणजे काय’ विचारतात तेव्हा विद्वान पिढ्यान्पिढ्या विचारत आले तोच प्रश्न त्यांनी विचारलेला असतो. कापलेल्या चित्रपटातून, विनोदाच्या वाटेने, ते नेमके कथेच्या गाभ्यापाशी पोहोचले. मला हा भाग इतका प्रिय आहे तो यामुळेच.

‘मोरोझ्को’मध्ये एवढं काय विचित्र आहे?

सगळंच, आणि ते विचित्र असायलाच हवं. ही परीकथा आहे, ती परीकथेच्याच तर्काने चालते. एक म्हातारी खिडकीची दारं उघडून गोष्ट सांगायला लागते. सावत्र आई, तिची लाडकी मार्फुश्का, आणि राबणारी नास्तेन्का. दुसरीकडे इवान, देखणा आणि त्याचा ताठा असलेला. त्याला वाटेत कवकाची टोपी घातलेला बुटका म्हातारा भेटतो, धनुष्यबाण देतो आणि बदल्यात वाकून नमस्कार कर म्हणतो. इवान म्हणतो, तुला अस्वल वाकून नमस्कार करेल. झालं. थोड्याच वेळात इवानच्या खांद्यांवर अस्वलाचं डोकं येतं. ते जातं कधी? स्वार्थ सोडून तो दुसऱ्यासाठी काही करतो तेव्हा.

अमेरिकन प्रेक्षकाला हे सगळं ‘अचानक’ वाटतं आणि माइकची मंडळी त्या अचानकपणावर तुटून पडतात. आपल्याला तितकं अचानक वाटत नाही. शाप, उःशाप आणि मधे घडलेली सुधारणा, हा क्रम आपण कहाण्यांत ऐकतच वाढलो.

सुरुवातीचा एक तपशील सांगते. इवानला लुटायला दरोडेखोर येतात. तो त्यांचे सोटे हिसकावतो आणि आभाळात भिरकावतो. हिवाळ्यापर्यंत खाली येतील म्हणतो. आपण विसरून जातो. चित्रपटभर ते सोटे वरच असतात. आणि शेवटी, बर्फात, ऐन मारामारीत, ते त्याच दरोडेखोरांच्या टाळक्यात येऊन बसतात. एवढ्या धीराने रचलेला विनोद मी फार थोड्या चित्रपटांत पाहिला आहे.

नास्तेन्का झालेली नताल्या सेदीख त्या वेळी जेमतेम पंधरा वर्षांची होती, बर्फावर स्केटिंग करणारी मुलगी. मार्फुश्काचं काम इन्ना चुरिकोवाने केलं, जी पुढे रशियातली फार मोठी अभिनेत्री झाली. आणि बाबा यागा केली आहे गेओर्गी मिल्यारने, म्हणजे पुरुषाने. आपल्याकडे स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांची परंपरा असल्यामुळे मिल्यारची वाकलेली पाठ आणि तो हावरा चेहरा यांतली मेहनत आपल्या डोळ्यांना लगेच दिसते.

थंडीच्या प्रसंगाबद्दल सांगाल?

कथेचा कणा तोच आहे. नास्तेन्काला जंगलात सोडून दिलेलं असतं. हिमाचा म्हातारा मोरोझ्को येतो, गारठा वाढवतो आणि विचारतो, ऊब लागतेय ना, पोरी? ती काकडत म्हणते, लागतेय, आजोबा. तो आणखी गारठवतो, पुन्हा विचारतो. ती पुन्हा तेच म्हणते. त्याला तिची दया येते आणि तो तिला स्वतःचा उबदार झगा पांघरतो. मग मार्फुश्काला मुद्दाम तिथे बसवलं जातं. तिला विचारल्यावर ती ओरडते की दिसत नाही का, हातपाय गोठलेत! ती परत येते डुकरं जुंपलेल्या घसरगाडीतून आणि तिच्या पेटाऱ्यातून कावळे उडतात.

इथे कार्यक्रमाची मंडळी मार्फुश्काची बाजू घेतात असं मला नेहमी वाटतं, आणि मला ते पटतं. ती खरं बोलली. लहानपणी हा प्रश्न पडला नव्हता. आता प्रत्येक वेळी पडतो. नास्तेन्काचा सोशिकपणा हा गुण की सावत्र आईने लावलेलं वळण? थट्टेमुळे मी जुन्या गोष्टीकडे नव्याने पाहू लागले, ती ही जागा. अफानास्येवने एकोणिसाव्या शतकात छापलेल्या रशियन लोककथांत तर ती दुसरी मुलगी गारठून मरतेच. रोऊने तिला वाचवलं, हसं करून का होईना, घरी पाठवलं.

लोककथेची अशी थट्टा म्हणजे त्या संस्कृतीचा अपमान नाही का?

याचं उत्तर मी घाईने देत नाही. काही शेरे मला खटकतात. रशियन माणूस म्हटला की दारू, थंडी आणि रांगा, असे विनोद त्यात आहेत, आणि ते आज शिळे वाटतात. ते आवडून घ्यायची गरज नाही.

पण थट्टा केली म्हणजे प्रेम नाही, असं मी मानत नाही. तमाशाच्या गौळणीत मावशी आणि पेंद्या प्रत्यक्ष कृष्णाची फिरकी घेतात. त्याच फडात आधी गणाला हात जोडलेले असतात. प्रेक्षकांना या दोन्हींत विसंगती दिसत नाही, कारण ज्याच्याशी सलगी आहे त्याचीच फिरकी घेता येते. कार्यक्रमाबद्दल माझी कसोटी तीच आहे: सलगी आहे का? चारही भागांत ती मला दिसते. चित्रपट सुंदर झाला की ते तसं बोलूनही दाखवतात.

आणखी एक गोष्ट. १९९३ साली अमेरिकेतल्या लहान गावातल्या मुलाला कालेवाला कुठून कळणार होतं? या भागांमुळे अनेकांनी मूळ चित्रपट शोधले. कार्यक्रमाच्या श्रेयनामावलीत ‘टेपा फिरत्या ठेवा’ असं प्रेक्षकांना सांगितलेलं असायचं. त्या फिरत्या टेपांबरोबर लोउही आणि बाबा यागाही घरोघर गेल्या.

त्या त्या देशांत लोक हे चित्रपट कसे पाहतात?

‘मोरोझ्को’ रशियात सणाचा चित्रपट आहे. त्याहून आश्चर्य म्हणजे चेक लोक. त्यांच्याकडे तो ‘म्राझिक’ नावाने नाताळ आणि नववर्षाच्या दिवसांत दूरदर्शनवर लागतोच. चेक डबिंग उत्तम आहे आणि संवाद लोकांना तोंडपाठ आहेत. तेही हसतात. पण ते दरवर्षी जवळ येऊन बसणाऱ्या घरच्या माणसाला हसावं तसं.

सादको भारतात येतो हे खरं का?

खरं आहे. चित्रपटात तो सुखाचा पक्षी शोधत हिंदुस्तानात येतो. तिथे राजवाडा आहे, हत्ती आहेत आणि बाईचा चेहरा असलेला फिनिक्स पक्षी आहे, ज्याच्या गाण्याने ऐकणारे झोपी जातात. मूळ रशियन लोकगाथेतला सादको समुद्राच्या राजाकडे जातो. हिंदुस्तानची वाट बहुधा रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोवच्या १८९८ साली रंगमंचावर आलेल्या ऑपेरातून आली. त्यात एक हिंदी व्यापारी आपल्या देशाचं गाणं गातो, आणि त्यात हाच मुलीच्या चेहऱ्याचा पक्षी येतो. प्तुश्कोने गाण्यातल्या चार ओळींचा अख्खा प्रवास केला.

हा हिंदुस्तान कुठल्याच नकाशावरचा नाही. खराखुरा रशियन व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात आला तो आपल्या चौलला उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला राहिला. चौलच्या वाटेने जाताना मला प्तुश्कोचा राजवाडा आणि निकितिनचा चिखल दोन्ही आठवतात.

या सगळ्यांना ‘रुसो-फिनिश’ का म्हणतात?

चाहत्यांची सवय. फिनलंडचा भाग फक्त ‘संपो’त आहे. तो मोसफिल्म ही सोव्हिएत आणि सुओमी-फिल्मी ही फिनिश चित्रपटसंस्था यांनी मिळून केला. बाकीचे तीन निखळ सोव्हिएत.

आधी मूळ चित्रपट पाहू की कार्यक्रमाचा भाग?

‘संपो’ आणि ‘सादको’ आधी मूळ पाहा. त्यांची काटछाट इतकी झाली आहे की आधी भाग पाहिला तर चुकीचं चित्र डोक्यात बसतं. ‘मोरोझ्को’ कुठल्याही क्रमाने चालतो. ‘इल्या मुरोमेत्स’ शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर पाहा, फोनवर नको. मोसफिल्मने आपले अनेक जुने चित्रपट यूट्यूबवर अधिकृतपणे ठेवले आहेत. ‘संपो’ आणि ‘इल्या मुरोमेत्स’ यांच्या नीट दुरुस्त केलेल्या प्रतीही आता मिळतात. त्यातले रंग पाहिल्यावर आपण इतकी वर्षं धुरकट टेपेत काय पाहत होतो असा प्रश्न पडतो.

भागांतले बरेच संदर्भ नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन जाहिरातींचे आणि मालिकांचे आहेत. प्रत्येक शेरा कळलाच पाहिजे असं नाही. पुढचा लगेच येतो.

घरच्यांना दाखवता येतील का?

मूळ चित्रपट जरूर दाखवा. ज्यांच्या घरी लोकवाङ्मय गृहातून किंवा पुस्तक प्रदर्शनांतून आणलेली, गुळगुळीत कागदाची, स्वस्त रशियन बालपुस्तकं मराठीत होती, त्यांना कोंबडीच्या पायांवर फिरणारी झोपडी पाहून ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होईल.

मी आईला ‘मोरोझ्को’ दाखवला. सावत्र आई नास्तेन्काला कोंबडा आरवायच्या आत मोजा विणून पुरा करायला सांगते, तो प्रसंग. पहाट व्हायला लागते, मोजा अर्धाच आहे. मुलगी आभाळाकडे पाहून विनवते, थोडं थांब. आणि पहाट मागे फिरते. उजळलेलं क्षितिज पुन्हा अंधारतं. आईला रशियन येत नाही आणि इंग्रजी उपशीर्षकं तिच्या चष्म्याला झेपत नव्हती. ती म्हणाली, “अनसूयेच्या गोष्टीत असाच सूर्य उगवायचा थांबतो.” मग कुकरची शिट्टी झाली म्हणून ती आत गेली. मी चित्रपट थांबवला नाही. परत येऊन पदराला हात पुसत तिने पहिलं काय विचारलं असेल, तर “मोजा झाला का गं तिचा पुरा?”